न सांगता धुतलेले कुर्ते

माझ्या कपड्यांना कुणी हात लावला की मला लगेच कळतं, कारण मी कपडे फार कमी धुते. रोज धुणाऱ्या बायकांचं आणि त्यांच्या कपड्यांचं नातं बादलीतून दोरीवर आणि दोरीवरून घडीत, एवढंच असतं. माझं तसं नाही. कुठला कुर्ता एकदाच घातलाय, कुठल्याच्या काखेला ओला फडका फिरवलाय, कुठला अजून एक दिवस वाऱ्यावर राहायला हवा, हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. म्हणून गेल्या वर्षी माझे कुर्ते जेव्हा माझ्या माघारी धुतले जायला लागले, तेव्हा ते पहिल्याच खेपेला माझ्या लक्षात आलं आणि माझं पित्त खवळलं.

ही सवय माहेरची. माझं माहेर उरणकडचं, कोळ्यांचं. आई मासळी विकते. लोकांना वाटतं, मासळी विकणाऱ्यांना वासाचं काही नसतं. उलट आहे. वासात राहणाऱ्या माणसाइतकं वासाचं कुणाला कळत नाही. आईचं बाजाराचं लुगडं वेगळं, घरचं वेगळं आणि लग्नकार्याचं वेगळं. बाजाराचं रोज धुवायचं, ते घरात शिरायचंच नाही, पडवीतच उतरवायचं. लग्नकार्याचं मात्र वर्षातून एकदासुद्धा धुवायचं नाही. घरी आल्या आल्या उलटं करून सावलीत वाऱ्यावर टाकायचं, काखेला, गळ्याला घाम लागला असेल तेवढीच जागा ओल्या फडक्याने पुसायची, दुसऱ्या दिवशी घडी घालून आत सुकलेली बकुळीची फुलं ठेवायची. गोडं पाणी आमच्याकडे कायम मोजकं. जे धुवायलाच हवं त्यालाच ते मिळायचं.

खांदा कॉलनीत सासरी आले, तेव्हा इथेही पाण्याची रडकथा तीच. सकाळी येणार, घाईघाईने भरून घ्यायचं, मध्येच गेलं तर टँकर. मी खारघरला एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. सकाळी जाते, संध्याकाळी येते. आल्यावर पहिलं काम कपड्याचं. आतली शमीज रोज धुवायची, कारण घाम तिने खाल्लेला असतो. वरचा कुर्ता मात्र उलटा करायचा, नाकाशी धरून बघायचा आणि गॅलरीत सावलीला हँगरवर लावायचा. बाहेरचा कुर्ता घालून फोडणी करायची नाही. घातलेला कपडा त्याच दिवशी कपाटात कोंबायचा नाही. पनवेलच्या दमट हवेत त्याला लगेच कुबट वास धरतो आणि मग तो शेजारच्या चार कपड्यांनाही लागतो. डिओ मारून वास झाकण्यावर माझा विश्वास नाही. घाणीवर चादर टाकून पाहुण्यांना बसवण्यातला प्रकार तो.

नवऱ्याला हे पटायला वेळ लागला, पण त्याची जीन्स फाटायची थांबली तेव्हा तो गप्प झाला. प्रश्न होता तो सासूचा.

सासूबाई माळकरी. घरात कांदा चालतो, पण अंडंसुद्धा नाही. आमचं लग्न प्रेमाचं, म्हणजे तिला न विचारता ठरलेलं. तिने आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, "घरात मासे आणायचे नाहीत. बाहेर खायला माझी ना नाही." बोलणं सरळ होतं. पण मी सरळ बोलण्यावर जास्त संशय घेते. भांडणारी सासू परवडली, तिचं पोटात एक आणि ओठात एक नसतं. ही तर मूग गिळून बसायची.

त्यातून एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली होती. लग्नानंतर माझी आई पहिल्यांदा आमच्याकडे आली, तेव्हा नवं लुगडं नेसून, डोक्यात अबोली माळून, दोनदा अंघोळ करून आली होती. ती सोफ्यावर टेकते न टेकते तोच सासूबाई उठल्या आणि खिडकी उघडली. मे महिना होता, हे खरं आहे. पण पंखा चालू होता. पुढच्या वेळेपासून आई आपणहून गॅलरीच्या दाराशी बसायला लागली.

सासरे गेल्यानंतर काही महिन्यांनी कुर्त्यांचं सुरू झालं. एका संध्याकाळी आले, तर आदल्या दिवशी वाऱ्यावर टाकलेला माझा पोपटी कुर्ता हँगरवर होता खरा, पण कडक. इस्त्री केलेला. नाकाशी धरला तर कपडे धुवायच्या पिवळ्या वडीचा वास. मी तो कुर्ता एकदाच घातला होता.

"आई, माझा कुर्ता धुतलात का?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बादलीत पाणी उरलं होतं. म्हटलं काढून टाकावा हातासरशी."

"एकदाच घातला होता मी तो."

"असू दे गं. धुतला म्हणून काय झालं?"

काय झालं? आमच्या घरात पाणी उरतं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होते. आणि धुवायचाच होता तर त्याच्या शेजारी नवऱ्याचा शर्ट लटकत होता, चांगला घामट. त्याला हात लागला नव्हता. पाणी कुठेतरी मुरत होतं.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. आठवड्यातून एक-दोनदा माझा एखादा कुर्ता धुतला जायचा. कधी पोपटी, कधी निळा. सोबतची सलवारही. नवऱ्याचं काही नाही, सासूबाईंच्या साड्या त्यांच्या नेहमीच्या दिवशीच. फक्त माझं. आणि वाळवायचे कुठे, तर गच्चीवर भर उन्हात. ते कळलं, कारण निळ्याचा रंग खांद्यावर उडायला लागला होता. म्हणजे मी घरी यायच्या आत धुऊन, वाळवून, इस्त्री करून, जागच्या जागी लावून ठेवायचं. एवढी मेहनत कुणी हातासरशी करत नाही.

मग सलवारीच्या नाडीची गाठ. मी नाडी बांधते ती आमच्या पद्धतीने, ओढली की सुटणारी. तिथे मला एक गच्च निरगाठ सापडायला लागली आणि नेफा पार पसरलेला. पोपटी कुर्त्याची काखेतली शिवण उसवलेली सापडली. म्हटलं, घासतेय बघा कशी. नेमकी काखच. जिथे माणसाचा वास असतो तिथेच ब्रश चालवतेय.

एवढ्यावर मी थांबले असते. पण एकदा पोपटी कुर्त्याच्या खिशात हात घातला तर एक लवंग लागली. भिजून फुगलेली लवंग. माझ्या मस्तकात तिडीक गेली. माझ्या खिशात लवंग कशाला? कपाटात झुरळं होऊ नयेत म्हणून लवंग ठेवतात. उग्र वास मारायला ठेवतात. माझ्या अंगाला मासळीचा वास येतो असं हिला वाटतं, म्हणून धुऊन धुऊन भागलं नाही, आता लवंगा. मी ती लवंग नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

तो म्हणाला, "अगं, आई तुझे कपडे फुकटात धुऊन देतेय, इस्त्री करून देतेय. लोकांच्या सुना देव पाण्यात घालून बसतात अशी सासू मिळावी म्हणून."

"लोकांच्या सुना कोळ्यांच्या नसतात."

"तू विचार ना तिला सरळ."

"मी विचारणार नाही. तिने 'हो' म्हटलं तर?"

मी खरंच घाबरले होते. कॉलेजात स्टाफरूमच्या पंख्याखाली उभी राहताना मी हळूच खांद्याशी नाक नेऊन बघायला लागले. इतकी वर्षं ज्या नाकावर माझा भरवसा होता त्यावरचा विश्वास उडाला. माझा मलाच येत नसेल. आपला वास आपल्याला कुठे येतो?

आईला फोनवर सांगितलं. ती हसली. "धुतेय तं धुऊदे की. तुजा साबण वाचतो."

"आई, मस्करी नको. तिला आपली घाण वाटते."

"तुज्या कपड्याला वास नाय गो पोरी. तुज्या डोक्याला हाय." मग म्हणाली, "मी येव का तिकडं?" आणि लगेच स्वतःच म्हणाली, "नको. मी आली तं आणखी वास येल."

ती मस्करीत बोलली, पण मला रडू आलं. त्याच आठवड्यात मी नवऱ्याला सांगितलं, आपण वेगळं राहू. उलव्याला नव्या इमारती भराभर उभ्या राहताहेत, भाडी अजून आवाक्यात आहेत, तुझ्या ऑफिसला जवळ पडेल. मी सगळी कारणं सांगितली, खरं ते सोडून. तो म्हणाला, "आई एकटी पडेल. बाबा जाऊन वर्षसुद्धा झालेलं नाही." मी म्हटलं, "रविवारी येत जाऊ." आपण काय बोलतोय ते मला कळत होतं. तरी बोलले. ज्या घरात मी आत शिरल्यावर कुणाला तरी खिडकी उघडावीशी वाटते, त्या घरात मला म्हातारं व्हायचं नव्हतं. आम्ही दोघं जाऊन एक फ्लॅट बघून आलो. बाहेर सिमेंटची धूळ, लिफ्टला अजून फळ्या ठोकलेल्या, पण गॅलरी मोठी होती आणि खाडीवरून वारा येत होता. माझे कपडे तिथे छान राहिले असते. येत्या रविवारी जाऊन ठरवून टाकायचं, असं एजंटला सांगून आलो. सासूबाईंना तेव्हाच सांगू म्हटलं. घरात आम्ही याबद्दल हळू आवाजात बोलायचो.

त्या रविवारच्या आधीची गोष्ट. कॉलेजात कुणाच्या तरी निधनामुळे सकाळीच सुट्टी जाहीर झाली आणि मी अकराच्या सुमारास घरी आले. दार कुलूपबंद. सासूबाई या वेळेला कधी बाहेर जात नाहीत, असं मला आजवर वाटत होतं. माझ्या किल्लीने आत शिरले आणि आधी गॅलरीत गेले. पोपटी कुर्ता हँगरवर नव्हता. बाथरूममध्ये बादली कोरडी. गच्चीवर जाऊन आले, दोरी रिकामी. म्हणजे धुवायलासुद्धा नेला नव्हता. मग माझ्या डोक्यात भलतंसलतं यायला लागलं. देऊन टाकला की काय कुणाला? भांडीवालीला? की फेकला?

मी गॅलरीत येऊन उभी राहिले. समोरच्या रस्त्याने चार-पाच बायका आमच्या इमारतीकडे चालत येत होत्या, आपसात बोलत, हसत. आमच्या सेक्टरच्या समाजमंदिरात सकाळी बायकांचा योगाचा वर्ग चालतो, तिथल्या असणार. आणि त्यांच्यात माझा पोपटी कुर्ता होता. आधी मला फक्त कुर्ताच दिसला, कारण माझी नजर त्याच्यावरच होती. चोरी, असंच मनात आलं. मग त्यावरचा अंबाडा दिसला. मग पायातल्या त्या मोठ्या अंगठ्याच्या चपला. सासूबाई.

ती हसत होती. सासरे गेल्यापासून मी तिला तोंड उघडून हसताना बघितलं नव्हतं. कुर्ता तिला काखेत घट्ट होत होता. चालताना तिचा हात सारखा खांद्यावर जात होता, पदर सावरायला, आणि तिथे काहीच नसल्यामुळे परत खाली येत होता. बाकीच्यांचा निरोप घेऊन ती आमच्या गेटकडे वळली, तशी तिची मान खाली गेली आणि चाल भरभर झाली.

दाराचं कुलूप उघडंच बघून ती आत आली ती बावरूनच. मी समोर उभी. तिने दोन्ही हात छातीवर घेतले, जणू मी परका पुरुष आहे.

"तू कशी काय आलीस?"

"सुट्टी दिली."

ती भिंतीला टेकली. गळ्याशी घामाने कुर्त्याचा रंग गडद झाला होता. ती घाईघाईने बोलायला लागली, "गुडघ्यांसाठी जाते गं. डॉक्टरच म्हणाले होते. साडीवर गेले होते पहिल्यांदा, निरी पायात अडकून सपशेल आडवी झाले. सगळ्या हसल्या. तिथे सगळ्या ड्रेसच घालतात. माझ्याकडे कुठला असायला? ह्यांनी आयुष्यात घालू दिला नाही. आणि आता विकत आणून घालायचा तर लोक म्हणतील, नवरा गेला आणि हिला शिंगं फुटली. तुझ्या चुलतसासूबाई तर गावभर करतील."

"मला मागायचात."

"तुला कसा मागू? सुनेचे कपडे मागते का कुणी सासू?" ती कुर्त्याचं टोक हातात चुरगळत होती. "पण मी तसाच कधी ठेवला नाही हं. प्रत्येक वेळी धुऊन ठेवलाय. साबण लावून, दोन पाण्यातून काढून."

"पण का धुता? मी तर धूत नाही. बघता ना तुम्ही."

"बघते म्हणूनच. तू रोज संध्याकाळी एकेक कपडा नाकाशी धरून बघतेस. तुझं नाक तिखट. मी आतून बघते आणि माझा जीव खालीवर होतो. म्हाताऱ्या माणसाच्या अंगाला वास येतो गं. ह्यांच्याही यायला लागला होता शेवटी शेवटी. आपल्याला आपला कळत नाही. तुला कळला असता तर तुला किळस आली असती. तोंडात लवंग ठेवते, खिशात ठेवते, तरी..."

मला हसायला यायला हवं होतं, पण आलं नाही. इतके महिने मी ज्या काखेतल्या शिवणीवरून आणि नाडीच्या गाठीवरून तिच्यावर खटला चालवत होते, त्या सगळ्यात एक बाई माझ्या कपड्यात शिरायची धडपड करत होती. मला ते दिसलं नाही. कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतं, तशी माझी गत.

मग ती खाली बघत म्हणाली, "उलव्याला घर बघताय ना तुम्ही. मला ऐकू येतं. मी विचारलं नाही. माझ्या वासामुळेच जाताय का?"

'नाही' म्हणणं खोटं झालं असतं. कारण जात होतो ते वासामुळेच. तिला कसं सांगणार, की तुमच्या नाही, माझ्या. ते सांगायचं तर खिडकीपासून सगळं सांगावं लागलं असतं. आणि ती खिडकी का उघडली होती हे मला आजही माहीत नाही. तेव्हाही मी विचारलं नाही. उकाड्यामुळे असेल, किंवा नसेलही. एखाद्या माणसाची एकाच वेळी भीतीही वाटते आणि घाणही वाटते, असंही असू शकतं. माझा स्वभाव एका दिवसात बदलणारा नाही.

मी फोन काढला आणि तिच्यासमोरच नवऱ्याला लावला. "एजंटला सांग, रविवारी आम्ही येत नाही."

"का गं? काय झालं? भांडलात का?"

"नाही. आता विचारू नकोस. सांग त्याला." फोन ठेवला.

सासूबाई तोवर बाथरूमकडे निघाल्या होत्या. साडी नेसून त्या कुर्ता हातात घेऊन बाहेर आल्या आणि बादलीत नळ सोडायला वाकल्या. मी मागून जाऊन नळ बंद केला. कुर्ता त्यांच्या हातातून घेतला. त्या ओढत होत्या, "अगं घामेजलाय, सोड," आणि मी सोडत नव्हते. तिथेच, त्यांच्यासमोर, मी तो नाकाशी धरला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

घाम होता. लवंग होती. पिवळ्या वडीचा जुना वास होता. आणखी काहीतरी होतं, ते या घरात शिरल्यापासून मी रोज घेत होते आणि त्याला वास म्हणून कधी मोजलंच नव्हतं.

मी कुर्ता उलटा केला, काखेला ओला फडका फिरवला, गॅलरीत सावलीला लावला. म्हटलं, "उद्या तुम्ही हाच घालून जा. परवा मी ऑफिसला घालीन. मध्ये कुणी धुवायचा नाही."

सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "आणि कुणाला माझा वास आला तर?"

"तर सांगेन, सासूबाईंचा आहे."

त्यांनी पदराने तोंड झाकून घेतलं. हसत होत्या की रडत होत्या, ते मला कळलं नाही. मी पुढे होऊन तो पदर बाजूला केला नाही.